एंटरवरचा तळहात

गमरे सर शिकवताना एंटरच्या बटणावर तळहात ठेवून बसत. समोरच्याने कमांड टाइप करायची, शेवटच्या अक्षरापर्यंत. ती स्विचकडे, म्हणजे कंपनीच्या सगळ्या संगणकांच्या केबल जिथे येतात त्या पेटीकडे, कधी जाणार ते सर ठरवत. हात रुंद होता आणि बोटांच्या पेरांवर केबल सोलताना झालेले जुने पांढरे वण होते. तो हात उचलला जावा म्हणून तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्या लागत: आपण कुठल्या बाजूला आहोत, काय बदलणार आहोत, आणि बिघडलं तर परत कसं आणणार. मग शेजारी बसलेल्याने पडद्याकडे बघून 'हो' म्हणायचं. त्यानंतर हात उचलला जाई. "आधी बोल, मग दाब," एवढंच ते म्हणत.

मी त्यांच्या वर्गात गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि हे तीन वाक्यांचं बोलणं मला स्विचपेक्षा अवघड जात होतं. वर्ग करी रोडला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. खाली छत्र्या-बॅगा दुरुस्तीचं दुकान आणि पहिल्या मजल्यावर टायपिंगचा क्लास. कुणी भराभर बोटं चालवून दाखवली की सर म्हणत, "घाई असेल तर एक जिना खाली उतर. तिकडे त्याला मार्क देतात."

मला एका कंपनीने घेतलं होतं, पण कच्चं. तीन महिने गमरे सरांकडे शिकायचं आणि शेवटी त्यांनी एका फॉर्मवर सही करायची. 'ही व्यक्ती स्वतंत्रपणे काम करू शकते' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य त्यावर छापलेलं होतं. सही झाली नाही तर कंपनी मला काढणार नव्हती, फोन उचलायच्या विभागात टाकणार होती. दिवसभर चिडलेल्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचं. त्यापेक्षा मला काढलेलं चाललं असतं.

पहिल्याच दिवशी सरांनी एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि एक पान वाचायला सांगितलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, माझगावची. वाचणं मला येतं. मी न अडखळता पान संपवलं. सर म्हणाले, छान वाचतेस, आता लिहिणारा काय म्हणाला ते सांग. मी पुन्हा वाचायला लागले. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. सांग, वाचू नको. वर्गात अकरा जण होते आणि सगळे पंख्याकडे बघत होते.

"मला हे पान वाचायला एक महिना लागला होता, डिक्शनरी घेऊन," सर म्हणाले. "म्हणून थोडं कळलं. तुला एक मिनिट लागलं. तुझं नुकसान झालं."

त्या पानावर होतं ते मी आता सांगू शकते. मोठ्या कंपन्यांचा डेटा सर्व्हरच्या पोटात नसतो, वेगळ्या कपाटात असतो. त्याला स्टोरेज म्हणतात. पूर्वी सर्व्हरपासून दोन वेगळ्या वाटा निघायच्या, एक रोजच्या नेटवर्कची आणि एक या स्टोरेजकडे जाणारी. आता दोन्ही एकाच केबलमधून नेतात. अडचण अशी की रोजच्या नेटवर्कमध्ये माहितीचं एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा पाठवतात, कुणाचं काही बिघडत नाही. स्टोरेजचं पाकीट हरवून चालत नाही. त्यामुळे स्विचला नीट समजावून सांगावं लागतं. सर ते असं सांगायचे: "विसर्जनाच्या गर्दीत लालबागला अँब्युलन्स आली की लोक बाजूला होतात ना? तेवढंच करायचंय. फक्त ही गर्दी आंधळी आहे. तिला अँब्युलन्स दिसत नाही, आपण दाखवायची."

स्विचच्या खोलीत एसी जोरात असे. ती थंडी स्विचसाठी होती, आमच्यासाठी नाही, हे सर वारंवार सांगत. ते स्वतः बिनबाह्यांचा मरून स्वेटर घालून बसत आणि कधीकधी जेवायच्या सुट्टीत तसेच खाली उतरत. भर मे महिन्यात करी रोडच्या पुलाखाली स्वेटर घातलेला माणूस उसाचा रस पीत उभा आहे, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं. आम्हाला थंडी वाजली तर कपाटात शाली होत्या. त्यांना निरनिराळ्या सत्कारांत मिळालेल्या, जरीच्या काठाच्या. आम्ही अकरा जण सत्कारमूर्तींसारखे शाली पांघरून कमांड टाइप करत असू.

अशाच एका सत्काराला मी हजर होते. एका कॉलेजने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि आम्हाला टाळ्या वाजवायला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सुंदर ओळख करून दिली. वडिलांनी डिलाईल रोडच्या गिरणीत धाग्याला धागा जोडला, मुलाने केबलला केबल जोडून तोच वारसा पुढे नेला, वगैरे. खूप टाळ्या पडल्या. सर माईकपाशी गेले आणि म्हणाले, "बाईंनी छान सांगितलं. पण बाप माझा गिरणीच्या गेटवर वॉचमन होता. सूत त्याने कधी हातात धरलं नाही." बाईंचा चेहरा पडला. सरांना ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण नंतर त्या बाईंना शोधून त्यांनी त्यांच्या आवाजाचं इतकं कौतुक केलं की त्या आणखीच संकोचल्या. सरांना मिळालेली शाल दुसऱ्या दिवशी कपाटात होती.

वर्गात माझा जोडीदार परब होता. लालबागचा, घरी मालवणी बोलणारा, सरांच्या भाषेत 'चालू रेडिओ'. मी दिवसभरात जेवढे शब्द बोलत असे तेवढे तो जिना चढताना बोले. "काय गो दळवी, आज बोलण्याचा उपास?" ही त्याची रोजची सलामी. मला त्याचा राग येत नसे. तो बोलत राही आणि त्याच्या आड मला गप्प बसता येई.

दोन महिने होत आले तेव्हाची गोष्ट. कुठल्या सर्व्हरने कुठलं स्टोरेज बघायचं याची स्विचमध्ये एक यादी असते. यादीत नाव नसेल तर सर्व्हरला स्टोरेज दिसत नाही. नवी यादी चालू केली की जुनी आपोआप जाते. म्हणून नव्या यादीत जुनी नावंही घ्यावी लागतात. परबला एक नवा सर्व्हर जोडायचा होता. त्याने नवी यादी केली, त्यात त्या एकाच सर्व्हरचं नाव लिहिलं आणि आधीचे सहा विसरला. तिन्ही गोष्टी त्याने खड्या आवाजात सांगितल्या. 'हो' मी म्हणायचं होतं.

मला दिसलं होतं. पण सगळे परबकडे कौतुकाने बघत होते, सरसुद्धा. नाही म्हटलं तर माना माझ्याकडे वळणार, का ते सांगावं लागणार, परब वाद घालणार. मी 'हो' म्हटलं. सरांनी हात उचलला. परबने बटण दाबलं आणि सहाच्या सहा सर्व्हरांचं स्टोरेज गेलं. सरावाचे सर्व्हर होते, कुणाचं काही बुडालं नाही. परब डोक्याला हात लावून हसत सुटला.

सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हळू विचारलं की दिसलं होतं का. मी मान हलवली. मग हो का म्हणालीस, असं त्यांनी विचारलं.

"परबाचं काही नाही. चुकला, आता जन्मभर विसरणार नाही," ते म्हणाले. "तुझं काम त्याच्याहून चांगलं आहे. पण तू बघून गप्प बसतेस. तुझं काय करू?"

त्यांनी माझा फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून दिला. बाकीच्यांच्या सह्या एकेक करून होत गेल्या. माझा फॉर्म खणातच.

मला त्यांचा राग आला होता, हे लिहायला हवं. घरी मी काही सांगितलं नाही. बाबा डॉकयार्डमधून निवृत्त व्हायला आले होते आणि रोज विचारत, झाली का सही? मी म्हणे, सर बिझी आहेत.

पण त्या महिन्यात सरांनी एक नवीनच चालू केलं. दिवसातून एकदा ते स्वतः कीबोर्डवर बसत, मला शेजारी बसवत आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं टाइप करत. तिन्ही गोष्टी गंभीरपणे सांगत. मग तोंडाचा एक कोपरा दाबून माझ्याकडे तिरकं बघत. मी चूक सांगे, पण इतकी हळू की ती एसीच्या आवाजात बुडून जाई. "दळवी, आवाज," ते म्हणत. "स्विचला तुझ्या मनातलं कळत नाही. मलापण नाही कळत." चार-पाच वेळा सांगून वर्गाच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज निघे, तेव्हा ते चूक पुसत. कधी चूक नसतानाही बघत, आणि मी घाबरून 'चुकलंय' म्हटलं तर विचारत, कुठे? मग दोघेही पडदा वरपासून खालपर्यंत वाचत बसू. परबला या खेळाची फार मजा वाटे. मला वाटत नसे, पण माझं रोजचं बसण्याचं ठिकाण आता सरांच्या शेजारी होतं आणि ते मला आवडायला लागलं होतं.

तीन महिने संपायला आठ दिवस उरले असताना सर परबला आणि मला एका खऱ्या कामाला घेऊन गेले. परळच्या एका रुग्णालयात स्विच बदलायचे होते. तपासण्यांच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, सगळं एका स्टोरेजमध्ये. रविवारी सकाळी, गर्दी कमी असते म्हणून. अशा ठिकाणी नेहमी दोन स्विच असतात, ए बाजूचा आणि बी बाजूचा. प्रत्येक सर्व्हरची एक केबल इकडे, एक तिकडे. एका बाजूचं काम चालू असताना सगळा भार दुसरी उचलते. म्हणून नियम एकच: एका वेळी एक बाजू. ए पूर्ण परत आली, सगळे सर्व्हर तिच्यावर दिसले, की मगच बीला हात लावायचा.

ए बाजूच्या सर्व्हरकडच्या वाटा आम्ही साडेदहाला बंद केल्या, स्टोरेजकडची तेवढी राहिली. कीबोर्डवर सर, 'हो' म्हणायला परब. माझ्याकडे वही: किती वाजता काय केलं ते लिहायचं. मागे रुग्णालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख उभे होते. ते सरांना फार मानत, आणि सर येणार म्हणून त्यांनी वरिष्ठांना निर्धास्त राहायला सांगितलं होतं, असं त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवलं.

पडद्यावर दोन काळ्या खिडक्या होत्या, एक ए स्विचची, एक बीची. दोन्ही सारख्याच दिसतात. ओळीच्या सुरुवातीला स्विचचं नाव असतं आणि त्याचं शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. सरांनी स्टोरेजकडे जाणारी वाट बंद करायची कमांड टाइप केली. मोठ्याने म्हणाले, ए बाजू, हे पोर्ट बंद करतोय, परत आणायला हे. परब म्हणाला, "हो."

मी वहीतून मान वर केली तर ओळीच्या सुरुवातीला बी होतं.

एवरच्या सर्व्हरकडच्या वाटा आधीच बंद होत्या. बी गेली असती तर त्या इमारतीत कुठल्याच मजल्यावर कुठलाच रिपोर्ट उघडला नसता. आणि सर माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम चूक करताना ते तिरकं बघत. आज त्यांची नजर सरळ पडद्यावर होती आणि करंगळी एंटरच्या बटणावर टेकलेली होती.

"सर, ही बी आहे," मी म्हटलं.

परब माझ्याकडे न बघता म्हणाला, नाही गो, ए आहे, लिही तू. प्रमुख हसले. मला अजून आठवतं की त्या क्षणी मला वाटलं, असेल, मीच चुकीचं वाचलं असेल. ते वाटणं किती सोपं होतं.

"बी आहे. सर, हात काढा."

हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर बसलेला सुरक्षारक्षक दारात आला. सरांनी हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग पुढे वाकून चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला. कमांड एकेक अक्षर करून त्यांनी पुसली.

मागून प्रमुख म्हणाले की सर मुलांची परीक्षा घेतात, कामावरसुद्धा सोडत नाहीत. त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. सरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"परीक्षा नव्हती, साहेब," सर म्हणाले. "चुकलो. हिने थांबवलं, नाहीतर तुमचं सगळं बंद पडलं असतं."

प्रमुखांचं हसू गेलं. सर उठले, खुर्ची मला दिली आणि वही स्वतःकडे घेतली. पुढचं सगळं मी केलं. प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलले. परब प्रत्येक वेळी नाक पडद्याला लागेल इतका वाकून 'हो' म्हणत होता. पावणेबाराला ए परत आली. बी पुढच्या रविवारी केली. तेव्हा सर आले नाहीत. परबला आणि मला पाठवलं. मला वाटलं, आता त्यांचा आमच्यावर विश्वास बसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फॉर्म खणातून बाहेर आला. छापलेल्या इंग्रजी वाक्याखाली सही होती आणि सहीच्या बाजूला मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'ही बोलली तर ऐका.' कंपनीतल्या मुलीने मला त्याचा अर्थ विचारला. तिला मराठी येत नव्हतं. मी म्हटलं, नथिंग, जस्ट अ रिमार्क.

त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले. झोपेत, काही त्रास न होता. परबचा फोन आला तेव्हा तो बोलायचा थांबला होता, त्यावरूनच मला कळलं. डिलाईल रोडला त्यांच्या चाळीच्या विहारात जलदानविधी आणि शोकसभा होती. हॉल भरला होता. बुद्धमूर्तीच्या खाली त्यांचा फोटो, त्यातही स्वेटर. वंदना झाल्यावर एकेक जण बोलायला उठला. पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना मी त्याआधी कधी भेटले नव्हते.

परब छान बोलला. लोक रडता रडता हसत होते. शेवटी त्याने त्या रविवारची गोष्ट सांगितली. सरांनी भर कामावर मुद्दाम बी बाजूची खिडकी उघडली, चकवण्यासाठी परबला 'हो' म्हणायला लावलं, का, तर वर्गात एक मुलगी बोलत नव्हती. तिला बोलती करायला त्यांनी अख्खं रुग्णालय पणाला लावलं. आणि वर मोठेपणा असा की चूक स्वतःवर घेतली. हॉलमध्ये 'वा' असा आवाज उठला. तो खोटं बोलत नव्हता. गेल्या दोन वर्षांत त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की त्याला ती खरीच वाटत होती.

आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारलं गेलं. मी उठून पुढे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. समोर दीडशे माणसं होती.

मी म्हटलं की ती मुलगी मी. ती परीक्षा नव्हती. सर खरंच चुकले होते. रुग्णालय पणाला लावणारा माणूस नव्हता तो. त्यांनी तिथल्या साहेबांना सांगितलं होतं, चुकलो म्हणून. ते तसंच राहू द्या.

एवढंच बोलले. कुणी 'वा' म्हटलं नाही. मागे कुणीतरी पुटपुटलं की आजच्या दिवशी हे कशाला. मला बसावं की उभं राहावं कळेना.

पुढच्या रांगेतल्या काकूंनी, सरांच्या पत्नींनी, मान वर केली. "तू दळवी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"त्या रविवारी घरी आले ते जेवले नाहीत," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या, पण हॉल शांत झाला होता. "भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, बरं नाही. संध्याकाळी उठून म्हणाले, आता गिऱ्हाइकाकडे हात लावायचा नाही, नुसतं शिकवायचं. पोरगी होती म्हणून वाचलो."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना वाचवलं असं मी दोन वर्षं समजत होते. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही मला सुचेना.

"मग दाढी केली," काकू पुढे म्हणाल्या, "आणि स्वतः फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं मी ओरडत होते, ऐकतील तर शपथ. आता बस बाई, उभी किती राहशील."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण. मी जागेवर गेले. परब सरकून बसला. त्याची मान खाली होती आणि हातातला रुमाल तो पुन्हा पुन्हा घडी घालत होता. पुढचे वक्ते बोलायला लागले होते. बऱ्याच वेळाने तो माझ्या कानाशी वाकला.

"मी पडद्याकडे बघितलाच नव्हता गो," तो म्हणाला. "सर म्हणाले ए, मी हो म्हटला."

"माहीत आहे," मी म्हटलं. ते मात्र अगदी हळू म्हटलं, त्याच्यापुरतं.